होडीत पाणी भरून बघणारा मुलगा

प्रश्न : सर, आम्ही पैठण तालुक्यातले. मुलाला दहावीला ७१ टक्के मिळाले, अकरावी सायन्सला घातलं, पण कॉलेजात त्याचा पाय टिकत नाही. सासरे पूर्वी बैलगाड्या, नांगर, औतं करायचे. त्यांची हत्यारं काढून यानं जुन्या फळ्यांची नऊ फुटी होडी केली. शेततळ्यात सोडली, बुडाली. तरी म्हणतो, लाकडी होड्याच करणार. दुष्काळी भागात होड्या, म्हणून गाव हसतं. ह्यांचं म्हणणं, पॉलिटेक्निकला घालू. काय करावं?

ताई, तुमचं पत्र इथं थोडक्यात दिलंय, पण मूळ पत्रात होडी बुडाली हे तुम्ही दोनदा लिहिलंय. मला त्यापुढची ओळ मोलाची वाटली. त्यानं ती ओढून काढली, दोन ओंडक्यांवर ठेवली, आत बादलीनं पाणी भरलं आणि खाली आडवा होऊन जिथं जिथं थेंब धरत होता तिथं खडूनं खुणा केल्या. गळती बाहेरून शोधायची ही सोपी रीत आहे. दहावी झालेल्या पोराला ती आपसूक सुचली असेल, तर तो नाद म्हणून सोडून द्यायचा विषय नाही.

पण लाकडी होडीवर घर चालेल, असं मी लिहिणार नाही. लाकूड पाण्यात फुगतं, फळ्यांमधल्या फटी मिटतात, होडी घट्ट होते. नाथसागराचं, म्हणजे आपल्या जायकवाडी धरणाचं पाणी एप्रिल-मेमध्ये मागे सरकलं की तीच होडी भेगाळलेल्या गाळावर उन्हात पडते. फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात, मग परत फटींत सूत ठासा, डांबर-राळ भरा. फायबरला हा त्रास नाही. मासेमारी करणारा माणूस फायबर का घेतो, हे मुलानं रागावून न जाता समजून घ्यावं. त्यातही एक गंमत आहे. फायबरची होडी ज्या साच्यावर घडते, तो साचा करायला आधी लाकडात होडीचा आकार उतरवावा लागतो, आणि ते काम चांगल्या सुताराचंच असतं.

त्याचा खरा गुरू घरातच आहे. नांगराच्या खोडासाठी बाभळीचं मुळातच वाकलेलं लाकूड हेरायचं, हे तुमच्या सासऱ्यांच्या हाडात भिनलेलं असेल. सरळ लाकूड कापून वाक काढला तर लाकडातल्या तंतूंची रेषा तुटते आणि ते नेमकं तिथंच मोडतं. होडीच्या फासळ्यांनाही हाच नियम. कच्छच्या मांडवीत लाकडी गलबतं बांधणारे कारागीर फासळ्यांसाठी बाभळीचे असेच वाकडे तुकडे निवडतात. आजोबांना एकदा बांधावर घेऊन जा आणि ‘यातली फासळी दाखवा’ म्हणा. लाकूड तासायचा वाकस कसा धरायचा, रंध्याचं पातं कसं लावायचं, हे व्हिडिओ बघून येत नाही, शेजारी बसूनच येतं.

शिक्षणाचं म्हणाल, तर मी आधी आयटीआयचा सुतारकामाचा एक वर्षाचा ट्रेड घ्यायला सांगेन. मुंबईच्या नौदल गोदीच्या शिकाऊ उमेदवार भरतीत ‘शिपराइट (वुड)’ म्हणजे जहाजाचा सुतार हा ट्रेड असतो. सुतारकामाचा आयटीआय त्याला चालतो, मात्र दहावी आणि आयटीआय दोन्हींच्या गुणांची अट असते. जाहिरात नीट वाचा. बारावी पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून करता येईल, मात्र सायन्सची बारावी तशी करता येत नाही. त्याला गणित-भौतिकशास्त्र खरंच आवडत असेल तरच सायन्स सोडू नये. मग नेव्हल आर्किटेक्चरची, म्हणजे जहाजांचा आराखडा करायच्या शिक्षणाची वाट आहे, आयआयटी मद्रास, आयआयटी खरगपूर, कोचीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ. पॉलिटेक्निक वाईट नाही, पण ज्या मुलाचा पाय वर्गात टिकत नाही त्याला आणखी तीन वर्षं वर्गातच बसवून काय साधणार? पोटापाण्यासाठी सुतारकाम आहेच. दारं-खिडक्या, फर्निचर कुठंही चालतं. हात बसला की एक हंगाम मालवण-रत्नागिरीकडे होड्यांच्या दुरुस्तीवर काढू द्या. नवी होडी बांधण्यापेक्षा जुनी उघडून बघण्यात जास्त शिकायला मिळतं.

गाव हसतं त्याचं म्हणाल, तर नौदलाचं ‘कौंडिण्य’ हे जहाज अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून बांधलंय. खिळे न मारता फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्यात, फटींत नारळाचा काथ्या आणि राळ. केरळचे कारागीर, गोव्यातलं काम. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. नकाशे हाती नव्हते, चित्र होतं, आणि ते चित्र आपल्याच जिल्ह्यातल्या भिंतीवर आहे. मुलाला एकदा एसटीनं अजिंठ्याला न्या. हसणाऱ्यांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका.

एका बाबतीत मात्र कडक राहा. शेततळ्यात एकट्यानं उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. आतलं प्लास्टिक शेवाळानं इतकं निसरडं होतं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. लाइफ जॅकेट, काठाला घट्ट बांधून आत सोडलेला गाठी मारलेला दोर आणि काठावर एक मोठं माणूस, एवढं असेल तरच होडी पाण्यात.

दुसरी होडी करायला घेईल तेव्हा सपाट तळाची, आठ फुटांचीच करू दे. आणि पहिली मोडायच्या आधी तिच्या तळाचा एक फोटो मला पाठवा, खडूच्या खुणांसकट.