चेहऱ्याला रोज स्क्रब केला तर चालतो का? (बेळगाव, कोरडी त्वचा)

रोज नको. आठवड्यातून एकदा पुरे. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या कोरड्या थंडीत गाल फुटायला लागले की पंधरा दिवसांतून एकदा, किंवा तेही नको.

तुम्ही अक्रोडाचा स्क्रब लावून वर लिंबू-साखर चोळता आणि मग गाल चुरचुरतात म्हणता. ती चुरचुर म्हणजे गुण येतोय असं नव्हे, वरचं संरक्षक आवरण खरवडलं जातंय. लिंबू तर आजच बंद करा. तो रस लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे काळे चट्टे उठू शकतात. घासायची हौस टाचांवर भागवा, वजरी त्यासाठीच असते.

मसूर डाळीचं पीठ चालेल, पण मैद्यासारखं बारीक हवं. दुधात कालवून बोटांनी हलकेच फिरवायचं, अर्ध्या मिनिटात धुवायचं.

त्यापेक्षा मला 5 टक्के लॅक्टिक ॲसिडचं सीरम बरं वाटतं, ते न घासताच मृत त्वचा सैल करून काढतं. (मुरुमं आणि तेलकट त्वचा असेल तर 2 टक्के सॅलिसिलिक.) आधी कानामागे लावून दोन दिवस बघा. मग रात्री, कोरड्या चेहऱ्यावर पातळ थर, वर मॉइश्चरायझर. त्या रात्री रेटिनॉल (सुरकुत्या-मुरुमांसाठी लावतात ते व्हिटॅमिन ए) लावू नका. सकाळी एसपीएफ 30चं सनस्क्रीन हवंच, मग गाडीवरून नुसतं खडेबाजारपर्यंत जायचं असलं तरी.

पू झालेली मुरुमं किंवा इसब असेल तर यातलं काहीच करू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.