हॉटेल लाइनमधला माणूस संसारी असू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की ज्या मुलाशी लग्न ठरतंय तो हॉटेलात नोकरीला आहे, घरचे म्हणतायत ही लाइन संसारी माणसाची नाही, तर असं कुणी जवळून बघितलं असेल तर सांगा. मी बघितलंय. माझे बाबा. ग्वाल्हेरला लश्कर नावाच्या भागातल्या एका हॉटेलात स्टुअर्ड म्हणजे टेबलावर वाढणारे म्हणून लागले आणि त्याच हॉटेलातून फ्रंट ऑफिस मॅनेजर म्हणजे रिसेप्शनचे प्रमुख म्हणून रिटायर झाले. मागच्या दिवाळीनंतर गेले, त्यामुळे उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी हे सांगते की तुमच्या घरचे अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. लोकांना सुट्टी असते तेव्हाच हॉटेल भरतं, आणि ग्वाल्हेरचा सीझन म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत. म्हणजे आपले निम्मे सण त्यातच गेले. नरकचतुर्दशीला बाबा नाइट करून सातला घरी यायचे, तोवर ऊन आलेलं असायचं, आजी चिडायची की सूर्य उगवल्यावर कसलं अभ्यंगस्नान, आणि आई काही न बोलता पुन्हा पाणी तापवून उटणं कालवायला बसायची. लक्ष्मीपूजनाला ते नसायचेच. हे आईला शेवटपर्यंत लागलेलं होतं, ती बोलून दाखवायची नाही पण आम्हाला कळायचं.

पण आता दुसरी बाजू ऐका. सुरुवातीची बरीच वर्षं त्यांना ब्रेक शिफ्ट होती, म्हणजे सकाळी अकरा ते साडेतीन आणि मग परत सात ते रात्री साडेअकरा. हॉटेलवाल्यांना ही शिफ्ट सगळ्यात नकोशी, कारण अख्खा दिवस तिच्यात जातो, स्टाफमधले बाकीचे मधल्या वेळात लॉकर रूममध्येच आडवे व्हायचे. बाबा मात्र भर मे महिन्यात सुद्धा, जेव्हा ग्वाल्हेरला पारा ४५ च्या वर जातो, डोक्याला ओला टॉवेल बांधून सायकलवर घरी यायचे आणि ते तीन तास आमचे असायचे. पाढे, शुद्धलेखन, वेणी घालणं सुद्धा, आणि वेणी आईपेक्षा घट्ट घालायचे. १९०५ पासून भरतो तो ग्वाल्हेरचा मेळा आम्ही लहानपणी कायम दुपारीच बघितला, गर्दी नाही, पाळण्याला रांग नाही. तिथली रात्रीची रोषणाई मी पहिल्यांदा कॉलेजात गेल्यावर मैत्रिणींबरोबर बघितली.

त्यांचं काम घरातही दिसायचं. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या आदल्या दिवशी सगळे काचेचे ग्लास काढून बसायचे. पातेल्यात पाणी उकळायला ठेवायचं, ग्लास उलटा धरून वाफेवर न्यायचा, आतून धुकट झाला की जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने आत-बाहेर फिरवायचा आणि मग बुडाशी धरून खिडकीकडे करून बघायचा. एक जरी बोट उमटलेलं दिसलं की परत वाफेवर. दुसऱ्या दिवशी पंगतीत वाढायला तेच. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, ते तर आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं, पण जेवणाऱ्याच्या तोंडासमोरून हात आडवा न नेता वाढायचं हे आम्हाला त्यांनी शिकवलं. आग्रह करायचे नाहीत. पंगतीच्या टोकाला उभं राहून बघायचे आणि ज्याला जे हवंय ते मागायच्या आत त्याच्या पानाशी हजर. मावशीला हे कधीच पटलं नाही, तिला वाटायचं आग्रह नाही म्हणजे आस्था नाही.

नंतर अक्षर सुंदर आणि इंग्रजी बरं म्हणून त्यांना रिसेप्शनला घेतलं. १९८८ ला दिल्ली-झाशी शताब्दी सुरू झाली होती आणि दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर, पुढे ओरछा-खजुराहो असे फॉरेनर्सचे ग्रुप वाढले होते. गाडी नाश्त्याच्या वेळेला ग्वाल्हेरात आणि चेक-आउट बाराला, म्हणजे वीस माणसं सामानासकट लॉबीत आणि खोल्या अजून भरलेल्या, रोज सकाळी ही कसरत. त्यात प्रत्येक फॉरेनरचा फॉर्म सी, म्हणजे परदेशी पाहुणा उतरल्याची सरकारला द्यायची माहिती, चोवीस तासांच्या आत पाठवायचा, तेव्हा तो हातानेच भरावा लागायचा. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या सात-आठ तास लेट, रात्री नऊचा गेस्ट पहाटे चारला यायचा, बाबा त्याची खोली दुसऱ्या कुणाला देऊ द्यायचे नाहीत आणि स्टेशनवर फोन लावून गाडी सुटल्याचं कळलं की गीझर चालू करायला सांगायचे.

एक गोष्ट मात्र सांगायचीच आहे. तानसेन समारोहाला, म्हणजे ग्वाल्हेरला दर हिवाळ्यात होणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला, आलेल्या एक गायिका बाबांच्या हॉटेलात उतरल्या होत्या. रात्री सभा संपवून आल्या तोपर्यंत किचन बंद, कुक गेलेला, आणि त्यांना बिनतिखटाची मऊ खिचडी हवी होती. बाबांनी बेलबॉयला स्कूटरवर आमच्या घरी पाठवलं. आई त्या थंडीत उठली, मुगाची खिचडी टाकली, वर तूप, डब्यात मेतकूट आणि भाजलेला पापड. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला निरोप धाडला की आज पुढे येऊन बसा. समारोह तसा सगळ्यांना खुलाच असतो, पण असं बोलावणं वेगळं. आई ग्वाल्हेरच्याच हजीरा भागात तानसेनच्या समाधीपाशी पहिल्या रांगेत बसून ऐकून आली, घरी आल्यावर कितीतरी वेळ शाल तशीच अंगावर ठेवून आम्हाला सांगत होती. बाबा ड्युटीवर. रिटायर होईपर्यंत समारोहाची एकही रात्र त्यांना धड बसून ऐकता आली नाही, आणि रिटायर झाल्यावर एकही चुकवली नाही, मफलर, कानटोपी, थर्मास घेऊन दोघं जायचे.

तर माझं उत्तर हो असं आहे, असू शकतो, पण त्यातला अर्धा भार घरातल्या बाईवर पडतो हे आधी माहीत असू द्या. मुलाला सरळ विचारा की ब्रेक शिफ्ट आहे की सलग, वीकली ऑफ ठरलेला आहे की दर आठवड्याला रोस्टर, म्हणजे ड्युटीचा तक्ता, बघायचा, ट्रान्सफर होते का. उशीर होणार असेल तर तो घरी फोन करतो का हे त्याला नाही, त्याच्या आईला विचारा. आणि तुमची स्वतःची नोकरी असेल तर सुट्ट्यांचं लग्नाआधीच बसून बोला. आईने शाळेत नोकरी धरली तेव्हा तिचा रविवार आणि बाबांचा मंगळवार, ते पहिलं वर्ष दोघांनाही फार जड गेलं होतं, मग तिने शाळेत सांगून दुपारची शिफ्ट सकाळची करून घेतली आणि ते तीन तास परत मिळाले.