ओ-टू लावल्यावर तपासणी गायब होते, पण बग जीसीसीत नाही

तुमची तक्रार अशी: 'लांबी + १०० < लांबी' ही ओव्हरफ्लोची (बेरीज इंटच्या मर्यादेबाहेर गेल्याची) तपासणी ओ-झिरोवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असताना, चालते आणि ओ-टूवर, म्हणजे ते चालू असताना, जीसीसी हा सी कंपायलर ती उडवून टाकतो. तेवढंच एक फंक्शन करून एक्स८६-६४ चं असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या सूचना, बघा. दोनच सूचना उरतात: ईएएक्स (फंक्शनचं उत्तर ठेवायचं रजिस्टर) शून्य करा, परत फिरा. बेरीजसुद्धा होत नाही.

हे बघून वैताग येतो, मान्य. पण कंपायलर बरोबर वागतोय. प्रोसेसरवर २१४७४८३६४७ मध्ये १ मिळवला की आकडा ऋण होतो, हे खरं. सी भाषेनं मात्र तसं वचन कधीच दिलेलं नाही. साइन्ड इंटचा (ऋण-धन पूर्णांकाचा) ओव्हरफ्लो सी-च्या स्टँडर्डमध्ये अनडिफाइन्ड आहे, तो झाल्यास काय व्हावं हे ठरवलेलंच नाही. म्हणजे तो होणारच नाही असं कंपायलरनं धरून चालायला मोकळीक आहे. आणि ओव्हरफ्लो होणार नसेल, तर १०० मिळवून संख्या लहान होईलच कशी? अट कायम खोटी, म्हणून काढली. सी-२३ या स्टँडर्डच्या नव्या आवृत्तीनं टूज कॉम्प्लिमेंट (ऋण संख्या बिट्समध्ये लिहायची पद्धत) सक्तीचं केलं, तरी हा नियम तसाच आहे. २००७ मध्ये जीसीसीकडे जवळजवळ हीच तक्रार, ३०४७५ क्रमांकाची, गेली होती. ती 'इनव्हॅलिड' शेरा मारून बंद झाली.

'ओ-झिरोवर चाललं म्हणजे कोड बरोबर' हा समज सोडा. तो फार महागात पडतो. २००९ मध्ये लिनक्सच्या टन या आभासी नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आधी वापरला होता आणि तो नल, म्हणजे रिकामा, आहे का हे नंतर तपासलं होतं. वापरला म्हणजे नल नाहीच, असं धरून जीसीसीनं तपासणी काढली, आणि साध्या युजरला रूट, म्हणजे सिस्टिमचे सगळे अधिकार, मिळवायची वाट मोकळी झाली. सोर्स वाचणाऱ्याला तपासणी समोर दिसत होती!

चलाला व्होलाटाइल ('याचं वाचन-लेखन गाळू नका' असं सांगणारा शब्द) लावून कंपायलरला चकवू नका, बेरीज अनडिफाइन्डच राहते. ओव्हरफ्लो झाला की आकडा ऋणाकडे वळेल अशी हमी देणाऱ्या एफ-रॅप-व्ही फ्लॅगनं काम होतं, पण उद्या कुणी त्याशिवाय बिल्ड केलं की तपासणी पुन्हा गेली. बेरजेच्या आधी तपासा: लांबी > इंट-मॅक्स − १०० (इंट-मॅक्स म्हणजे इंटची कमाल किंमत, २१४७४८३६४७). दोन्ही संख्या बदलत्या असतील तर जीसीसी ५ पासून असलेलं बिल्टिन-ॲड-ओव्हरफ्लो हे बेरीज करून ओव्हरफ्लो झाला का ते सांगणारं फंक्शन वापरा. बाकीच्या कोडसाठी अनडिफाइन्ड सॅनिटायझर लावून टेस्ट चालवा. ज्या ओळीवर ओव्हरफ्लो होईल ती तो आकड्यांसकट दाखवतो.

मग ओ-टूचं असेंब्ली पुन्हा उघडा. २१४७४८३५४७ शी तुलना तिथे दिसेल.