वाचकांचे प्रश्न : मोजे, माती आणि भिंतीचे पोपडे

प्रश्न : आमच्याकडे चार वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री आहे. मोजे आणि रुमाल पळवण्याची तिला लहानपणापासून सवय आहे. त्यांतला एखादा ती गिळूनही टाकते, पण आजवर तो उलटीतून किंवा शौचावाटे बाहेर पडला आहे. पावसाळा संपल्यापासून मात्र ती कुंडीतील माती खाऊ लागली आहे आणि आमच्या जुन्या घराच्या भिंतींचे पोपडे चाटून चाटून काढते. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्या, परंतु फरक पडलेला नाही. काही गिळल्यास मिठाचे पाणी पाजावे, असेही कोणी सुचवले आहे. तिला नेमके काय कमी पडते आहे? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे शब्द ‘पावसाळा संपल्यापासून’ हे आहेत. मोजे पळवणे आणि माती खाणे या दोन्ही गोष्टी आपण एकाच खोडीत जमा केल्या आहेत, पण त्यांचा विचार वेगवेगळा करायला हवा. पहिली सवय जुनी आहे आणि ती बहुधा स्वभावातून आलेली आहे. दुसरी नवी आहे, आणि प्रौढ कुत्र्याने एकाएकी माती, चुना, विटा असे काही चाटायला किंवा खायला सुरुवात केली, तर शरीरात काही बिघडलेले नाही ना, हे आधी पाहिले पाहिजे.

माझा पहिला संशय रक्तक्षयाचा, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी कमी होण्याचा आहे; त्यातून कुत्र्याला माती, चुना खाण्याची अशी ओढ लागू शकते. पावसाळ्याच्या दमट दिवसांत आपल्याकडे गोचीड वाढतात. कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड तर घरातच, भिंतींच्या भेगांमध्ये आणि दारांच्या सांध्यांमध्ये लपून अंडी घालतो, त्यामुळे जुन्या घरांत त्याचे चांगलेच फावते. या गोचिडांतून बबेसिया आणि एर्लिकिया यांसारखे रोगजंतू रक्तात शिरतात. बबेसिया तांबड्या पेशी फोडतो. एर्लिकिया पांढऱ्या पेशींत वाढतो, रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी करतो आणि आजार रेंगाळला तर रक्तच कमी करत जातो. आतड्याला चिकटून रक्त शोषणारे अंकुशकृमी हे रक्तक्षयाचे दुसरे नेहमीचे कारण. तिचा ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी असायला हव्यात. फिकट किंवा पांढुरक्या दिसल्या, लघवी गडद रंगाची होत असली, ताप किंवा मरगळ असली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. तसे काही दिसले नाही तरी या आठवड्यात रक्तपेशींची मोजणी, रक्तजंतूंसाठी काचपट्टीवरील तपासणी आणि शौचाची तपासणी करून घ्यावी. इंदुरातील बऱ्याच खासगी दवाखान्यांत ही सोय आहे आणि महू येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयही आपल्यापासून फार दूर नाही.

रक्त ठीक निघाले, तर पोटाकडे वळावे. जमीन, भिंती असे पृष्ठभाग सतत चाटणाऱ्या 19 कुत्र्यांची मॉन्ट्रियल विद्यापीठात तपासणी झाली होती. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 14 कुत्र्यांना पचनसंस्थेचा काही ना काही विकार निघाला. वरवर मात्र ती केवळ चाटण्याची सवय वाटत होती. स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडणे, मधुमेह, तसेच स्टेरॉइड किंवा फिटांवरील काही औषधे यांमुळेही भूक अनावर होते. तिला अशी औषधे चालू असल्यास ती डॉक्टरांना अवश्य सांगावीत.

काकूंनी काळजीपोटी सांगितले असले, तरी कॅल्शियमच्या गोळ्या बंद कराव्यात, असे मी स्पष्टपणे सांगतो. कुत्र्यांसाठी तयार मिळणाऱ्या संतुलित आहारात कॅल्शियम पुरेसे असते. त्याचा अतिरेक झाला, तर जस्तासारख्या घटकांचे शोषण अडते आणि मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांची तर हाडेच बिघडतात. शिवाय गोळी दिल्यामुळे उपचार चालू असल्याचे समाधान आपल्याला मिळते आणि तपासणी लांबते. मला अधिक काळजी याचीच वाटते.

भिंतीबद्दल आणखी एक सांगायला हवे. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसे बरेच असू शकते. शिशाची विषबाधा झाल्यास उलट्या, पोटदुखी, झटके अशी लक्षणे दिसतात आणि रक्तही कमी होते, त्यामुळे पोपडे चाटणे हे आजाराचे केवळ लक्षण न राहता त्याचे कारणही ठरू शकते. तपासण्या होईपर्यंत तिला त्या भिंतीपासून दूर ठेवावे.

आता मोज्यांविषयी. लॅब्रॅडॉरची खादाड म्हणून जी ख्याती आहे, तिच्यामागे काही अंशी आनुवंशिकता आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले की, सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉर कुत्र्यांत भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. अशा कुत्र्याला शिक्षा करून काहीही साधत नाही. उलट आपण ओरडत मागे धावलो की, पळवलेली वस्तू हिसकावली जाणार हे ओळखून ते ती घाईने गिळते. घरोघरी हीच चूक होताना मी पाहतो. त्याऐवजी शांतपणे जवळ जाऊन पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा पुढे करावा, तोंडातली वस्तू सुटली की ‘सोड’ म्हणावे आणि तुकडा द्यावा. हा सराव आधी तिच्या खेळण्यांवर करावा. कपड्यांची टोपली झाकणाची असावी. जेवणाचा काही भाग वाडग्यात न घालता घरात लपवून ठेवावा आणि तिला हुंगून शोधू द्यावा. फिरायला नेताना ती रस्त्यावरचे काही उचलत असेल, तर तोंड उघडता येईल आणि धापा टाकता येतील असे जाळीदार मुसके वापरण्यात कमीपणा नाही.

मोजा आजवर बाहेर पडला, म्हणून पुढेही पडेलच असे नाही. वारंवार उलट्या, अन्नावरची वासना जाणे, शौच न होणे, पोटाला हात लावू न देणे किंवा पुढचा भाग जमिनीला टेकवून मागचा उंच ठेवणे, यांपैकी काही दिसल्यास रात्र असली तरी थांबू नये. कापड आणि प्लास्टिक साध्या क्ष-किरण छायाचित्रात थेट दिसत नाही, त्यामुळे सोनोग्राफीही करावी लागते. गुदद्वारातून किंवा जिभेखालून दोरा लोंबत असल्यास तो ओढू नये, कारण आत ताणलेला दोरा आतडे चिरू शकतो. मिठाचे पाणी कधीही पाजू नये. त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढते आणि प्राणही जाऊ शकतो. नुकतेच काही गिळले असेल, तर उलटी करवण्याचा निर्णय डॉक्टरांवरच सोपवावा.

प्रश्न : आमचा कुत्रा बागेत गेला की गवत खातो. त्याचे पोट बिघडले आहे का? – एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : बहुधा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी केलेल्या सर्वेक्षणात रोज किंवा आठवड्यातून एकदा तरी वनस्पती खाणारे कुत्रे निम्म्याहून अधिक होते, आणि खाण्याआधी आजारी दिसणारे दहांत एकही नव्हते. गवत खाणे ही कुत्र्यांची सर्वसामान्य वागणूक आहे. मात्र कीटकनाशक फवारलेल्या बागेत त्याला मोकळे सोडू नये, जंतांचे औषध वेळेवर द्यावे, आणि गवत खाणे अचानक वाढून सोबत उलट्या किंवा जुलाब होऊ लागले, तर त्याची तपासणी करून घ्यावी.