मुलीला अ‍ॅनिमेशनची पदवी करायची आहे, कॉलेज निवडताना काय बघावं?

मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला कार्टून फिल्म करायला शिकायचंय आणि घरात कुणालाच यातलं काही माहीत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी सोलापूरचाच, हीच पदवी केली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी बघा ते एवढंच: त्या कॉलेजात तिला स्वतःची फिल्म पूर्ण करायला मिळते का? बऱ्याच ठिकाणी तीन वर्षं नुसतं सॉफ्टवेअर शिकवतात. ते ती घरी बसून शिकेल, ब्लेंडर आणि क्रिटा ही अ‍ॅनिमेशनची सॉफ्टवेअर दोन्ही फुकट आहेत. फी भरायची ती गोष्ट कशी रचायची, स्टोरीबोर्ड (गोष्टीतले प्रसंग ओळीनं चित्रांत मांडणं) कसा करायचा आणि मुख्य म्हणजे टायमिंग, म्हणजे कुठल्या हालचालीला किती वेळ द्यायचा, ते शिकण्यासाठी.

सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी सेकंदाला 12 आणि मिनिटाला 720 चित्रं लागतात. एवढी काढायला चिकाटी हवीच, पण प्रेक्षकाला त्या पात्राचं वजन जाणवायला हवं, आणि तिथंच बहुतेक मुलं अडकतात. हे शिकायला आपल्या गावासारखी जागा नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत 7 नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, निघतात, तेव्हा तिला वही घेऊन मिरवणुकीत उभी करा. एवढी उंच काठी पेलणारा माणूस पाऊल टाकण्याआधी किती थांबतो, काठी कलली की आधी गुडघा हलतो की खांदा, हे तिनं बघावं आणि भराभर काढावं. चेहरे, कपडे, रंग काही नको, नुसती अंगाची रेषा. एरवी एसटी स्टँडवर बॅगा उचलणारी माणसं आहेतच.

अशा वह्या प्रवेशाच्या वेळीही कामाला येतात. अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) अ‍ॅनिमेशन फिल्म डिझाइनची चार वर्षांची पदवी आहे. तिथल्या प्रवेश परीक्षेला दोन टप्पे असतात आणि दुसऱ्यात हातानं काम करून दाखवावं लागतं. मुंबई आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्याला बारावीची कुठलीही शाखा चालते, त्यामुळे सायन्स घेतल्याचं वाईट वाटून घेऊ नका. दोन्हीकडे स्पर्धा फार आहे, तेव्हा पुण्या-मुंबईतली खासगी कॉलेजंही बघून ठेवा.

तिथं चौकशीला गेलात की माहितीपुस्तिका बाजूला ठेवा आणि मागच्या वर्षीच्या मुलांच्या फिल्म दाखवा म्हणा. सगळ्यांच्या मागा, निवडक दोन-तीन नकोत. त्या एकमेकींसारख्या दिसल्या तर तिथं मुलांना साचा दिला जातो, असं मी समजतो. आणि दाखवायला फिल्मच नसतील तर फी कितीही कमी असो, मी माझ्या मुलीला तिथं घालणार नाही.