'नेमणूक' कुणाची, 'एक्झेक्वाटर' कुणाचं?

ठाण्याहून आलेला प्रश्न: "1720 मध्ये मुंबईच्या इंग्रज सरकारने कॅथलिकांसाठी नवा धर्माधिकारी नेमला, हे वाक्य बरोबर आहे का?"

चूक आहे. हा धर्माधिकारी म्हणजे व्हिकर अपोस्टोलिक, पोपच्या वतीने प्रदेश सांभाळणारा. त्याला नेमला रोमने. सरकारने त्याला काम करू दिलं आणि गोव्याच्या आर्चबिशपाच्या पाद्र्यांना घालवलं. कारण उघड होतं. साष्टी आणि ठाणं तेव्हा पोर्तुगीजांकडे, आणि गोव्याचा आर्चबिशप पोर्तुगालच्या राजाच्या मर्जीतला. 1789 मध्ये सरकारने मुंबईतला अधिकार पुन्हा गोव्याला दिला, 1791 मध्ये परत फिरवला आणि 1794 मध्ये इगर्ज्या (चर्च) गोवा आणि व्हिकर अपोस्टोलिक या दोघांत वाटून दिल्या. एवढी ओढाताण झाली, पण त्यात सरकारने 'नेमला' असा एकही बिशप नाही!

हीच चूक रोज कानावर येते: "भारत सरकारने अमुक देशाचा वाणिज्यदूत नेमला." अहो, परक्याचा माणूस परकाच नेमतो. नेमणूकपत्र त्याचा देश काढतो, ते आपल्या परराष्ट्र खात्याकडे येतं, मग आपण कामाची परवानगी देतो. तिला एक्झेक्वाटर म्हणतात. 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार ती नाकारताना कारण द्यावं लागत नाही. युरोपातले राजे पोपच्या फर्मानांनाही हीच परवानगी लावत, म्हणून 1720 च्या वादाला हा शब्द चपखल बसतो.

आता खरी गंमत. एक्झेक्वाटर म्हणजे लॅटिनमध्ये 'त्याने पार पाडावं'. त्यातला 'सेक्वी' म्हणजे मागोमाग जाणे. त्याचं संस्कृत भावंड 'सच्', म्हणजे सोबत असणे. लॅटिन 'क्व' जिथे, तिथे संस्कृतात अनेकदा 'च' सापडतो: 'क्विंक्वे' आणि 'पंच', 'क्वे' आणि 'च'. या 'सच्'मधूनच आला 'सचिव', म्हणजे सोबती! अष्टप्रधानांतला सचिव, मंत्रालयातला सचिव आणि नवी मुंबईतल्या सोसायटीचा सचिव, सगळे या लॅटिन शब्दाचे सख्खे चुलत. 'सचिव' म्हणजे 'सच बोलणारा' असं सांगणाऱ्यांनी ती व्युत्पत्ती आता सोडून द्यावी. 'सच' 'सत्य'वरून आला, त्याचा इथे काही संबंध नाही.

एक्झेक्वाटरला 'मान्यतापत्र' म्हणणारे कोशही मला पटत नाहीत. मान्यतापत्र शाळेलाही मिळतं. 'कार्यानुमती' म्हणा, त्यात 'पार पाडणे' हा मूळ अर्थ तरी शाबूत राहतो.