सायकलवाल्यांचे प्रश्न : खोरं, खिंड आणि गिअर

दिवाळी झाली की या सदराकडे येणारी पत्रं एकदम डोंगराकडे तोंड करतात. पावसाळाभर गॅलरीत गंजलेली चेन एकदाची तेल पिते, आणि मग लोकांना भोर, वाई, पवनानगर आठवायला लागतं. या वेळी आलेल्यांतली पाच निवडलीत. "40 हजारात कुठली सायकल घेऊ" वाल्यांनी रागावू नका, त्याचं उत्तर मागच्या वेळी देऊन झालंय.

प्रश्न : दादा, मी 29 वर्षांचा, पुण्यात सिंहगड रोडला राहतो. सपाटीला 60 किलोमीटर 27 च्या ॲव्हरेजने आरामात मारतो. गेल्या रविवारी ग्रुपबरोबर भोरवरून मांढरदेवीला गेलो तर घाटात चक्क सायकल ढकलत गेलो, सगळे हसले. रोडबाईक आहे, पुढच्या चकत्यांचे दात 52-36, मागच्यांचे 11-28. स्टॅमिना कमी पडला का?

उत्तर : स्टॅमिना ठीक आहे रे, तू किलोमीटर मोजलेस आणि खोरी मोजली नाहीस एवढंच झालं. आपल्याकडे सह्याद्रीची मुख्य रांग उत्तर-दक्षिण, आणि तिच्यातून पूर्वेला सोंडा सुटलेल्या, दोन सोंडांच्या मधे एकेक नदी. बारा मावळांची नावं शाळेत पाठ केली असशील, पवन मावळ, नाणे मावळ, मुठे खोरं, गुंजण मावळ, वेळवंड खोरं, ती बहुतेक नदीवरूनच पडलीत. आता यातली गंमत अशी की रस्ता नदीच्या कडेकडेने चालला असेल तर 40 किलोमीटर पण कळत नाहीत, पण एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं म्हणलं की मधे खिंड आलीच, आणि खिंड म्हणजे चढ, यात सवलत नाही. तुझा रूट बघ. कात्रजला तू मुठेच्या बाजूने शिवगंगेच्या बाजूला गेलास, ही पहिली. मग हायवेने कापूरहोळ, तिथून भोर, तू आता नीरेच्या खोऱ्यात. आणि मांढरदेवीचा डोंगर उभा आहे नीरा आणि कृष्णा यांच्या मधोमध. म्हणजे रूटमधली सगळ्यात मोठी भिंत 50-55 किलोमीटर झाल्यावर समोर आली, आणि तोवर तू हायवेला 27 चं ॲव्हरेज धरायच्या नादात पाय संपवलेले.

आता गिअर. 36-28 वर, म्हणजे पुढे 36 आणि मागे 28 दातांवर, पायडलचा एक फेरा मारलास की सायकल साधारण 2.7 मीटर पुढे जाते. 34-34 असेल तर 2.1 मीटर. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण ताशी साडेसहाच्या स्पीडने चढताना पहिल्यात पाय मिनिटाला 40 फिरतात आणि दुसऱ्यात 50 च्या वर, आणि 40 म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जिना चढल्यासारखा जोर, गुडघे बोलायला लागतात. पुढे 50-34 चा क्रँक (पायडलजवळच्या चकत्या) आणि मागे 32 किंवा 34 ची कॅसेट (मागच्या चाकाच्या चकत्या) बसते का मेकॅनिकला विचार. चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा मागचा डिरेलर आखूड पिंजऱ्याचा असेल तर 34 घेणार नाही, तेव्हा आधी कॅसेट विकत घेऊन मग दुकानात जाऊ नकोस. मित्र काय म्हणतील म्हणून लहान गिअर लावत नाहीत अशी माणसं मी बघितलीत, ती पण ढकलतच असतात.

मी स्वतः त्याच घाटात 39-25 वर गेलो होतो, तेव्हा अक्कल नव्हती. एका वळणावर उतरून हँडलवर डोकं टेकून उभा, मागून काळूबाईला निघालेली जीप आली, आतली आजी खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "येवढी म्हागाची दिसती, मोटर बंद पडली व्हय?" तेव्हापासून मी 34 लावलाय. आणि एक, पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या आसपास तिकडे अजिबात फिरकू नकोस, मंगळवार-शुक्रवार पण टाळ, रस्ता भाविकांचा असतो तेव्हा.

प्रश्न : नमस्कार सर. मी 44 वर्षांची, तळेगावला राहते. हायब्रीड सायकल आहे, मुलगी 15 ची, तिच्याकडे गिअरची साधी सायकल. आम्हा दोघींना डोंगर बघत जायचंय पण घाट नको आणि ट्रकही नकोत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, तुम्ही तर राहताच मावळात, लोक तिकडे गाडी करून येतात. पवनानगर करा. पण सगळे जातात तसं कामशेतवरून आधी जाऊ नका. जुन्या हायवेला कामशेतची खिंड आहे, गाड्याही जोरात असतात, आणि कामशेतला वळल्यावर पुन्हा चढउतार. त्यापेक्षा सोमाटण्यावरून परंदवडीकडे वळा आणि पवना नदीच्या अंगाने वर वर जा. वर सांगितलं तेच, एकाच खोऱ्यात राहायचं. चढ आहे पण धरणाकडे जाताना हळूहळू, पोरगी गप्पा मारत चढेल. नोव्हेंबरात भाताची कापणी चाललेली असते, खाचरात पेंढ्या उभ्या, रस्त्यावर इंद्रायणी भाताचा वास येतो (खरंच येतो, सकाळी दव असताना), मधेमधे गुलाबाची पॉलीहाऊस, आणि जसं पुढे जाल तसा तिकोना एका बाजूने वर यायला लागतो.

दोन गोष्टी मात्र सांगतो. शनिवार-रविवार पवनेला तंबूवाल्यांच्या गाड्या असतात, रविवारी सकाळी साडेनऊनंतर त्या सगळ्या एकदम परत फिरतात आणि वळणावर कुणी हॉर्न पण देत नाही. शाळेला सुट्टी असेल असा मधला वार बघा, नाहीतर सहाला निघून दहाच्या आत घरी. दुसरं म्हणजे वॉशरूमचं. ते तुम्ही लिहिलं नाहीत पण बायका विचारायला लाजतात म्हणून मीच लिहितो, मधल्या गावांत टपऱ्या आहेत पण सोय नाही, पवनानगरच्या बाजारात एखादं बसायचं हॉटेल गाठून तिथेच नाश्ता करा, म्हणजे विचारायला अवघड वाटत नाही. पोरीच्या सीटची उंची आधी बघा. बहुतेक मुलांची खाली असते, पाय जमिनीला पूर्ण टेकतात म्हणून बरं वाटतं आणि पाच किलोमीटरला मांड्या भरतात.

प्रश्न : भोरवरून वरंध घाट उतरायचा, शिवथरघळ करायची, महाडला जेवायचं आणि त्याच दिवशी परत भोर. चौघे आहोत, जमेल ना?

उत्तर : उतरायला जमेल. आपल्या बाजूने डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी वर येतो आणि कोकणाच्या बाजूला सरळ तुटतो, त्यामुळे भोरहून नीरा देवघरच्या पाण्याकडेने जाताना वाटतं अरे काहीच नाही, आणि मग खाली महाड, जवळपास समुद्रसपाटीला. सकाळी फुकट मिळालेली उतरण दुपारी दोनला दमट उन्हात पोटात मासे-भात घेऊन परत चढायची. चौघांतला एक तरी महाड स्टँडवर बसणार, मी त्याच्याबद्दल आत्ताच वाईट वाटून घेतो. वाघजाईच्या देवळापर्यंत जा, तिथल्या टपरीवर भजी खा, कोकणात डोकावून बघा आणि परत फिरा. किंवा महाडला मुक्काम करा, मग मजा आहे. पावसाळ्यात तर नावच नको. दरडी येतात, जिल्हाधिकारी रस्ता बंद करतात, 2021 च्या जुलैत या सगळ्या पट्ट्याचे काय हाल झाले ते महाडवाल्यांना विचारा. बंदचा बोर्ड असताना "सायकल आहे हो, बाजूने काढतो" म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

प्रश्न : पसरणी घाट उतरताना ब्रेक सतत दाबून हात आखडतात, आणि एकदा ट्यूब फुटली. काय करावं?

उत्तर : रिम ब्रेक असणार, म्हणजे चाकाच्या कडीला, रिमला, रबर घासून थांबवणारे. सतत घासत राहिलं की रिम तापते. पाचगणीहून वाईकडे उतरताना मी एकदा मधेच थांबून रिमला बोट लावलं होतं, बोटाला फोड. तापलेल्या रिममुळे आतली हवा पण तापते, जुनी ट्यूब मग दम तोडते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून स्पीड पाडायचा, वळणात सोडून द्यायचे, रिमला वारा लागू द्यायचा. हात हँडलच्या खालच्या बाकात ठेवले तर बोटांना ब्रेक धरायला जोर मिळतो. आणि मधे थांबा की, वाईचं खोरं वरून काय दिसतं! घाई कसली.

प्रश्न : ऊस सुरू झालाय. संध्याकाळी वाईकडून येताना ट्रॉल्या दिसतच नाहीत. आणि वस्तीवरची कुत्री मागे लागतात.

उत्तर : ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि दोन-दोन जोडलेल्या असतात, दुसरी पहिलीच्या मागे झुलते. अंधार पडायच्या आत पोचा, दुसरा उपाय माझ्याकडे नाही. ओव्हरटेक करायचीच तर सरळ रस्त्यावर, ड्रायव्हरला ओरडून सांगून, आणि पडलेल्या कांड्यांवर पुढचं चाक गेलं तर हँडल वळवू नका, सरळ जाऊ द्या. कुत्र्याचं सोपं आहे, पायडल मारणं थांबवा, खाली उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मधे धरा. निम्म्याच्या वर कुत्री तिथेच कंटाळतात. उरलेल्यांसाठी मी पार्ले-जीचा पाच रुपयेवाला पुडा ठेवतो, भोरच्या पुढच्या एका वस्तीवरचा तांबडा कुत्रा आता मी दिसलो की भुंकत नाही, रस्त्यात येऊन बसतो.